पडद्यामागच्या पेशी

वय झालं की दिसेनासं होतं आणि दिसेनासं झालं म्हणजे मोतीबिंदू, अशी आपल्याकडे सरसकट समजूत आहे. मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं की आजोबा पुन्हा पेपर वाचू लागतात, हे घरोघरी पाहिलेलं असतं. माझ्या आत्याचे दोन्ही मोतीबिंदू उत्तम निघाले, पण पेपर काही वाचता येईना. समोर बसलेल्याचा चेहरा तिला दिसत नाही, कोपऱ्यातल्या चपला मात्र दिसतात. आम्हा भाचरांना ती आवाजावरून ओळखते.

'पडदा खराब झालाय,' डॉक्टर म्हणाले. डोळा हा कॅमेरा मानला तर मोतीबिंदू हा भिंगाचा दोष. पडदा म्हणजे आतली फिल्म. या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू नावाची इवलीशी जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं ही सगळी बारीक कामं तिची. तिच्या मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक पातळ थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना तो पोसतो आणि त्यांचा रोजचा कचराही उचलतो. स्वयंपाकघर आणि मोरी दोन्ही सांभाळणाऱ्या बाईसारखंच त्याचं आहे. ती अंथरुणाला खिळली की सगळं घर बसतं. उतारवयात काहींचा हा थर मरत जातो आणि मागोमाग प्रकाश टिपणाऱ्या पेशीही जातात. मग चष्म्याचा नंबर कितीही बदला!

हा थरच नवा घालता आला तर? कल्पना साधी, पण नव्या पेशी आणायच्या कुठून? शरीरातल्या कुठल्याही पेशीचं रूप घेऊ शकते ती मूळपेशी. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशीलाच मागे नेऊन तिची मूळपेशी केली. माणसाच्या पेशीवर हे २००७ मध्ये जमलं आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सप्टेंबर २०१४ मध्ये कोबे शहरात मासायो ताकाहाशी यांच्या चमूने सत्तरीतल्या एका बाईंच्या स्वतःच्या त्वचेपासून असा थर तयार केला आणि तो तिच्या एका डोळ्यात पडद्यामागे बसवला. वर्षाने तपासलं तर थर जागेवर होता. नजर सुधारली नव्हती, पण बिघडलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठी केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा शस्त्रक्रियाच थांबवली. मला या थांबण्याचं अधिक कौतुक वाटतं. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातली बातमी जास्त सुखद होती. ज्यांचं वाचन जवळजवळ बंद पडलं होतं असे दोन रुग्ण मूळपेशींचा तुकडा बसवल्यावर साध्या चष्म्याने वाचू लागले, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पण रुग्ण दोनच, हे विसरू नये.

अशा बातम्यांचं पुढे काय होतं ते घरीच पाहिलं. शेजारच्या काकू आत्याला मोबाइलवरची एक जाहिरात वाचून दाखवत होत्या. पोटाच्या चरबीतून पेशी काढायच्या, डोळ्यात सोडायच्या, दोन दिवसांत घरी. आत्या गळ्यातली पोत चाचपत म्हणाली, 'मोडली तर किती येतील रे?'

मग मी तिला फ्लोरिडातल्या तीन बायकांची हकिकत सांगितली. वयं ७२ ते ८८, आजार आत्याचाच. तिघींनीही एका दवाखान्यात प्रत्येकी पाच हजार डॉलर भरले. चरबीतल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. आधी तिघींनाही बऱ्यापैकी दिसत होतं. नंतर रक्तस्राव झाला, पडदे सुटले आणि तिघींची दृष्टी जवळजवळ गेली. हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेलं आहे. चरबीतली पेशी कोबेच्या त्या थरासारखी घडवलेली नसते. शिवाय खबरदार डॉक्टर आधी एकाच डोळ्यावर, तोही अधिक बिघडलेल्या, प्रयोग करतो.

'पण हैदराबादला करतात ना?' काकूंनी विचारलं. करतात, पण ते वेगळं. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत चुन्याने किंवा रसायनाने भाजलेल्या डोळ्यावर दुसऱ्या निरोगी डोळ्याच्या बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी लावतात. तो डोळ्याच्या दर्शनी काचेचा इलाज आहे, पडद्याचा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्टच सांगतात की, रक्तविकारांसारख्या ठरावीक आजारांवरचं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तेव्हा कोणी बोलावलं तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि पैसे कशाचे तेही विचारावं.

आत्याचा प्रकार 'कोरडा', हळूहळू झिजवणारा. 'ओल्या' प्रकारात पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून गळतात, दृष्टी भराभर जाते. पण त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत आणि ती वेळेवर मिळाली तर पुष्कळ वाचतं. कोरड्याचा ओला कधी होईल याचा नेम नसतो. म्हणून आत्याच्या कपाटाच्या दाराला मी चौकटींच्या वहीचा कागद डकवलाय. रोज सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा नव्याने वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.