आधी ऊब, मग दूध

जूनमधली सकाळ. रात्रभर पाऊस कोसळला होता. राउंडला निघालो तर वॉर्डातल्या मावशी पदरात काहीतरी झाकून उभ्या. "सर, रेकॉर्ड रूमच्या मागं घावलं. आईनं टाकलंय वाटतं." डोळे मिटलेलं, कान डोक्याला चिकटलेलं, मुठीत मावेल एवढं मांजराचं पिल्लू. पूर्ण भिजलेलं आणि हाताला गार. मावशींनी दुधाची वाटी आणि कापसाची वातही आणली होती. मी आधी वाटी बाजूला ठेवायला सांगितलं.

त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. इंटर्नशिपच्या काळात हॉस्टेलच्या जिन्याखाली असंच एक पिल्लू मिळालं होतं. मी त्याला माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं आणि ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. संध्याकाळपर्यंत ते गेलं. 'मुळातच अशक्त होतं,' अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कक्षात ड्युटी लागली, तेव्हा कुठे चूक उमगली.

मांजराच्या नवजात पिल्लाचं वजन साधारण 100 ग्रॅम असतं. इतक्या लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने फार मोठा असल्याने उष्णता झपाट्याने निघून जाते. सुरुवातीच्या दिवसांत त्याला कुडकुडताही येत नाही. ऊब मिळते ती आईची आणि भावंडांची. शरीर 34 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की आतड्यांची हालचाल मंदावते, चोखण्या-गिळण्याची ताकद जाते. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं किंवा फुप्फुसात शिरतं. माणसाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही थंडी अशीच घातक ठरते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978मध्ये इन्क्युबेटर पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची 'कांगारू' पद्धत.

मी माणसांचा डॉक्टर, म्हणून ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून पिल्लू कोरडं केलं, खोक्यात जुना टॉवेल अंथरला आणि कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवली. एकाच कडेला, कारण जास्त गरम वाटलं तर पिल्लाला सरकून दूर जाता आलं पाहिजे. घाई करून हीटरसमोर धरू नये. तास-दीड तासाने ते हलायला लागलं, मग ओरडायलाही लागलं. तो आवाज ऐकून सिस्टरांनाही हायसं वाटलं.

आता प्रश्न आईचा. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, असं आपल्याकडे म्हणतातच. ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते, त्यामुळे एकटं दिसलेलं पिल्लू बऱ्याचदा टाकलेलं नसतं, त्याचा नंबर यायचा असतो. पिल्लू कोरडं, उबदार, पोट भरलेलं आणि शांत असेल तर उचलू नका. दुरून काही तास लक्ष ठेवा. आपण शेजारी उभे राहिलो तर ती येणारच नाही. भिजलेलं असेल, मुंग्या लागल्या असतील, कुत्री फिरत असतील, तर मात्र थांबू नये. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, हा समज खरा नाही.

आई आलीच नाही तर काम मोठं आहे. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश कमी असतात. शिवाय त्याने जुलाब होतात आणि 100 ग्रॅमच्या जिवाला दोन-चार जुलाबही झेपत नाहीत. पिल्लांसाठीची खास दूध पावडर पशुवैद्यांकडे किंवा प्राण्यांच्या दुकानात मिळते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लू पोटावर ठेवून पाजायचं. नंतर कोमट ओल्या कापसाने मागची जागा हलकेच पुसायची, कारण पहिले तीनेक आठवडे त्याला आपण होऊन लघवी-शी करता येत नाही. एरवी आई चाटून ते करवते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करावं. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी. एवढं करूनही काही पिल्लं जातात, हे आधीच मनाशी धरलेलं बरं.

आमच्यावर ती वेळ आली नाही. मावशींनी खोकं पत्र्याच्या आडोशाला ठेवलं आणि ओपीडी संपता संपता मांजरी आली. मावशी खोकं तिच्याकडे सरकवायला गेल्या, तेवढ्यात तिने पंजा मारला. मनगटावर रक्ताची रेघ उमटली. "मांजरच ते, कुत्रं थोडंच हाय," असं म्हणत मावशी हळद शोधायला निघाल्या!

रेबीज मांजरामुळेही होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून हळद, चुना, तिखट काहीही न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. गरोदर स्त्रियांनीही ही लस टाळू नये. सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. तिसऱ्या डोसनंतर 'आता काय व्हायचंय' म्हणून लोक गायब होतात, त्यामुळे मावशींचं कार्ड मी माझ्याच टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्या स्वतःहून आल्या. मांजरीने तोवर दोनदा घर बदललं होतं. सध्याचा मुक्काम धोबीखान्याच्या मागे. पिल्लाचे डोळे उघडलेत आणि ते मावशींच्या चपलेशी झटापट करतं, असं कळलं.