शिवाजी नगर ते अ‍ॅमस्टरडॅम: प्राइडची वाट

भोपाळच्या शिवाजी नगरापासून विधानसभा फार लांब नाही. तिथे शबनम मौसी आमदार म्हणून बसल्या. तृतीयपंथी व्यक्ती आमदार होण्याची भारतातली ती पहिलीच वेळ. इथल्या क्विअर प्रवाशाला प्राइड परका वाटायचं कारणच नाही!

युरोपात जायचं, तर अ‍ॅमस्टरडॅमला. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ रोजी जगात सर्वप्रथम समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता दिली. प्राइडची मिरवणूक इथे सजवलेल्या बोटींतून, कालव्यांवरून निघते. एरवी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी. २०२६ चा वर्ल्डप्राइडही याच शहराकडे आहे, २५ जुलै ते ८ ऑगस्ट.

गर्दीतून वेळ काढून होमोमोन्युमेंट पाहावंच. वेस्टरकेर्क चर्चजवळ, कालव्याकाठी, १९८७ पासून गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण आहेत. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत. त्याच खुणेचं हे स्मारक. एका त्रिकोणाचं टोक अ‍ॅन फ्रँकच्या घराकडे वळलेलं आहे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. ज्यांनी नाव बदललं आहे, त्यांनी तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढावं.