न्यायाची पहिली पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य आपल्या घरांतील मुलांच्या कानी लहानपणीच पडते. ह्या वाक्यामागे कित्येक पिढ्यांचा कटु अनुभव आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शहाण्याने पायरी चढू नये, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याने जावे कोठे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

देवगडानजीकच्या जामसंडे गावचे उदाहरण घेऊ. मुंबई उच्च न्यायालय 1862 साली स्थापन झाले. तेव्हापासून तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयापुढील दाद मागावयाची म्हणजे जामसंड्याच्या माणसास मुंबई गाठणे भाग होते. पणजीस खंडपीठ झाले, पण ते गोव्याचे; सिंधुदुर्गाच्या पक्षकारास त्याचा उपयोग नव्हता. अखेर कोल्हापूरकरांच्या व आसपासच्या जिल्ह्यांतील वकीलवर्गाच्या कित्येक वर्षांच्या मागणीस फळ येऊन 17 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, आणि दुसऱ्याच दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. आता घाट चढला की उच्च न्यायालय, ही सोय लहान नव्हे.

न्यायालय जवळ आले. पण न्याय तेवढ्याने जवळ आला काय? जामसंड्याच्या एखाद्या वाडीतील घर डोळ्यांपुढे आणावे. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे खळे, मागे गडग्याच्या आत हापुसाची कलमे. कलमे आजोबांनी लावलेली आणि सातबाऱ्यावर नावही अद्यापि त्यांचेच. एक मुलगा गावी राहिला, दोघे मुंबई-पुण्यास गेले, दोघी मुली सासरी गेल्या. गावचा भाऊ मोहोराची निगा राखतो, वानरे हाकतो, पेट्या भरतो. शहरच्या भावांस वर्षाला पेटी पोहोचते. बहिणी गणपतीस आल्या म्हणजे त्यांची साडीचोळीने बोळवण होते. सारे गोडीगुलाबीने चाललेले असते. मग एके दिवशी कर्जासाठी किंवा जमिनीच्या व्यवहारासाठी सर्वांच्या सह्या लागतात, आणि बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. त्यात काय लिहिले आहे हे त्यांस कोणी नीट वाचून दाखवीत नाही. सही न करावी तर माहेरचा उंबरठा परका होईल, ह्या एकाच भीतीने त्या सही करतात. ह्यास संमती म्हणावे काय?

ह्या बाबतीत कायद्याने आपले मत केव्हाच सांगितले आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसल्यास, मुलीस मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीस जन्मतः हक्क असावा ही सुधारणा महाराष्ट्राने 1994 सालीच केली. त्या वेळी आधी विवाह झालेल्या मुली मात्र वगळल्या होत्या. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सुधारणा झाली आणि तो भेदही गेला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा ह्यांच्या खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांस मात्र धक्का लागत नाही.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. गावी राहून ज्याने बाग जगवली त्याच्या श्रमांचे मोल शहरातील भावंडे क्वचितच करतात. जमिनीचे पाच सारखे हिस्से करता येतात, पण वीस वर्षांच्या राखणीचा हिशेब कोण मांडणार? न्यायालयाने वाटपाचा हुकूमनामा दिला तरी साऱ्याच्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावयाची असते. मोजणी, हरकती, अपिले ह्यांत वर्षे जातात, आणि तोवर कलमांकडे पाहण्यास कोणास उमेद राहत नाही. हा हिशेब माजघरात सर्वांनी, बहिणींसह, एकत्र बसून मांडला तरच तो नीट मांडला जातो. प्रथम सर्व वारसांची नोंद करावी, मग मोजणी करून घ्यावी, राबलेल्यास त्याचे देणे द्यावे, आणि जे ठरेल ते लेखी करून नोंदवावे. त्यानंतर बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा; आधीच सोडवून घेतला तर तो आपला लहानपणा.

आपल्या समाजास ह्या विषयी थोडे आत्मपरीक्षणही करावयास हवे. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात तेव्हा देवगड तालुकाही होता, खोती होती. खोतांत आपल्या लोकांची घरे पुष्कळ. कागद वाचणारा खोत आणि अंगठा उठवणारे कूळ ह्यांचा तंटा न्यायालयात गेला म्हणजे पारडे कोणीकडे झुकत असेल हे सांगावयास नको. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. प्रत्यक्षात खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. विद्या घरात होती, पण ती दुबळ्याच्या बाजूने उभी राहिली नाही, हा ठपका आपणांस पुसता येणार नाही.

परंतु ह्याच वर्गात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, होऊन गेले. वकिली करून धनवान होणे त्यांस अवघड नव्हते. त्यांनी 1870 साली पुण्यास सार्वजनिक सभा उभारण्यात पुढाकार घेतला, लोकांचे तंटे आपसांत मिटावेत म्हणून लवाद न्यायालयांचा पुरस्कार केला, आणि 1879 साली वासुदेव बळवंत फडके ह्यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य दाखविले. तंटा मिटवणे आणि एकाकी माणसाच्या पाठीशी उभे राहणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आज ह्या दोन्ही कामांस कायद्याचे पाठबळ आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अपंग ह्यांस, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळू शकतो. लोकअदालतीत झालेला समझोता हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील चालत नाही, आणि दावा आधी दाखल असल्यास भरलेली कोर्ट फीही परत मिळते. दावा लावण्यापूर्वीचा तंटाही तेथे नेता येतो. 15100 ह्या दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो. एवढे सारे असूनही शेजारच्या वाडीतील विधवेस ह्यातील एक अक्षर ठाऊक नसते, आणि आपल्या घरी निवृत्त वकील, शिक्षक, कारकून रिकामे बसलेले असतात. आठवड्यातून एक सकाळ ओसरीवर बसून चार माणसांचे सातबारे वाचून द्यावेत, अर्ज लिहून द्यावेत, गरज पडल्यास तालुक्यास त्यांच्यासोबत जावे. ह्याहून निराळी समाजसेवा शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

कोल्हापूरचे न्यायालय न्याय देईल. पण ते शेवटची पायरी आहे. पहिली पायरी आपल्याच घराच्या ओटीची. येत्या गणपतीस बहिणी माहेरी येतील, तेव्हा आरती झाल्यावर जुना सातबारा काढून सर्वांदेखत मोठ्याने वाचावा. निदान एवढे तरी प्रत्येक घरास करता येईल.