लेन्स तीच, चित्र निराळे

आपल्या मंडळात छायाचित्रणाचा छंद जोपासणारे सभासद पुष्कळ आहेत. त्यांच्या गप्पांत एक तक्रार वारंवार ऐकू येते : तीच लेन्स मित्राच्या कॅमेऱ्यावर रेखीव चित्र देते, माझ्या कॅमेऱ्यावर मात्र थोडे धूसर. दोष लेन्सच्या माथी मारला जातो; कारण मात्र अनेकदा सेन्सरच्या आकारात दडलेले असते.

सेन्सर म्हणजे लेन्सची प्रतिमा झेलणारा पडदा. फुल फ्रेम सेन्सर 36 × 24 मिलिमीटरचा, एपीएस-सी सुमारे 23.6 × 15.7 चा, तर खिशात मावणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांचा जेमतेम 6.2 × 4.6 चा. भिंतीवर लावण्यासाठी 18 इंच रुंदीचे चित्र छापायचे, तर या प्रतिमा अनुक्रमे सुमारे 13, 19 आणि 74 पट मोठ्या कराव्या लागतात. समजा, लेन्सने सेन्सरवर दर मिलिमीटरला 40 रेषाजोड्या स्पष्ट उमटवल्या. छापील चित्रात फुल फ्रेमच्या वाट्याला त्यांतल्या 3 येतात, एपीएस-सीच्या वाट्याला 2. सूक्ष्मदर्शकावर आपण हेच शिकलो : ऑब्जेक्टिव्हने न टिपलेला तपशील आयपीस बदलून दिसत नाही, धूसरपणा तेवढा मोठा होतो. नुसते मेगापिक्सेल वाढवण्याचेही तसेच.

लहान सेन्सरची बाजूही ऐकली पाहिजे. फुल फ्रेमची लेन्स एपीएस-सीवर लावली, की तिचा मधला भागच वापरला जातो आणि तोच सहसा सर्वांत रेखीव असतो. शिवाय 6 × 4 इंची अल्बमसाठी एपीएस-सीची प्रतिमा साडेसहा पटच वाढवावी लागते. तेथे डोळ्यांना फरक जाणवत नाही. म्हणून कॅमेरा घेताना चित्र केवढे छापणार, हे आधी ठरवावे.

प्रकाशाचा हिशेब वेगळा. समान एक्स्पोजरला फुल फ्रेमवर एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून अधिक प्रकाश जमा होतो. अंधुक प्रकाशात लहान सेन्सरच्या चित्रात रवाळपणा येतो आणि तो पुसताना कॅमेऱ्यातील संगणकीय प्रक्रिया बारीक तपशीलही पुसते.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने ही गोष्ट छंदापुरती राहत नाही. तापाने फणफणलेल्या बाळाच्या अंगावरील पुरळाचा फोटो रात्री मोबाइलवर येतो. फोनचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, खोलीत एकच दिवा. पुढील सारा निर्णय ज्यांच्यावर अवलंबून, ते टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्रावाचे ठिपके त्या कृत्रिम गुळगुळीतपणात हरवू शकतात; दाबल्यावर ते फिके पडतात का, हे तर प्रत्यक्ष तपासूनच कळते. फोटोत ठिपके नाहीत, म्हणून अंगावर नाहीत, असे मी मानत नाही. अशा वेळी पालकांना माझे एकच सांगणे असते : फोटोवर थांबू नका, बाळाला घेऊन या.