सुट्टीत काय? खर्रा मोजतोय!

एमबीबीएसचा स्टुडंट सुट्टीत काय करतो? झोपतो. नाहीतर पीजी एन्ट्रन्सची पुस्तकं उघडून झोपतो. पण दोन महिने कॅन्सर रिसर्च करायचा चान्सही त्याच्याकडे असतो... आणि त्यासाठी भंडाऱ्याहून थेट अमेरिका गाठायची काहीच गरज नाही!

आधी एक छोटीशी टेस्ट. आरशासमोर उभे राहा, मोठा आ करा आणि तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालून बघा. आरामात गेली? छान. दोनच गेली आणि तुम्ही रोज खर्रा खाणाऱ्यांतले असाल, तर लेख नंतर वाचा, आधी डेंटिस्ट गाठा.

नागपूर-भंडाऱ्याच्या वाचकांना खर्रा काय ते सांगणं म्हणजे मुंबईकराला वडापाव समजावण्यासारखं. पण पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना आणि थोडं पाणी. पानठेलेवाला हे सगळं घोटून घोटून एकजीव करतो आणि पन्नीत बांधून देतो. आयटीवाला, ऑटोवाला, बँकेतले साहेब, सगळे एकाच ठेल्यावर. कित्येक मैत्र्या तर 'खर्रा हाये का बे?' इथूनच सुरू होतात.

लोच्या फक्त तंबाखूचा नाही. '२००४ मध्ये तर कळलं' म्हणावं इतकी ही जुनी गोष्ट आहे: त्या साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीतल्या रसायनांमुळे गालाच्या आतल्या नरम कातडीखाली कडक तंतू साचत जातात. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गाल ताठ होतात, मग तोंडच उघडेनासं होतं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. भारतात त्याचं वर्णन पहिल्यांदा केलं ते मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी, १९५३ साली. केरळमधल्या एर्नाकुलमला अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा ७.६ टक्के लोकांना कॅन्सर झाला. म्हणजे साधारण तेरातल्या एकाला.

आपल्या बाजूचं कामही कमी नाही. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातला सुपारी आणि पानमसाल्यावरचा अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. २००७ मध्ये मध्य भारतातल्या तब्बल १००० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात बाईमागे जवळजवळ पाच पुरुष होते.

आता मुद्द्याचं. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च, म्हणजे आयसीएमआर, १९७९ मध्ये एक मस्त स्कीम घेऊन आली: शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, कॉलेजच्या भाषेत 'एसटीएस'. एमबीबीएस किंवा बीडीएसच्या विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजातल्या सरांच्या किंवा मॅडमच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट करायचा. २०२२ च्या फेरीत त्याचे ५० हजार रुपये होते. पण थांबा, पार्टी लगेच जाहीर करू नका! पैसे रिपोर्ट मंजूर झाल्यावर. रिपोर्ट नापास, तर सर्टिफिकेटही नाही.

आणि भंडाऱ्याचं काय? ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात एक भंडाऱ्याचं, १०० सीट्सचं. तोवर इथल्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर ६० किलोमीटरवरचं नागपूर, नाहीतर सेवाग्राम, नाहीतर २०१६ पासून गोंदिया. आता पोरं भंडाऱ्यातच आहेत, पेशंटही भंडाऱ्यातच आहेत.

फक्त आकडा नाहीये. देशाच्या कॅन्सर नोंदणीच्या २०२० च्या अहवालात २८ रजिस्ट्र्या होत्या. नागपूर होतं, वर्धा होतं, बार्शी होती. भंडारा नव्हतं. अशी रजिस्ट्री फक्त आपल्या भागातल्या रहिवाशांची मोजदाद करते. त्यामुळे लाखांदूरचा माणूस उपचाराला नागपूरला गेला, तरी नागपूरच्या आकड्यात तो बसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात १२ लाख लोक! महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू घेत होते. साकोलीत किती, पवनीत किती? हे असं राज्याच्या सरासरीवरून ओळखता येत नाही.

सेकंड इयरच्या पोरा-पोरीने कॅन्सरचं औषध शोधावं अशी कुणाचीच अपेक्षा नाही. पण एका पट्टीने दोन दातांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजता येतं. किती खर्रे, कितव्या वर्षापासून, तोंडात किती वेळ, झोंबतं का, हे विचारता येतं. ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड उघडून बघता येतं, मग तो ताप घेऊन आलेला का असेना. माझ्या मते खरा प्रोजेक्ट हाच आहे, कारण कॅन्सर होण्याआधीच्या पायरीवरचा माणूस त्या रांगेत मुकाट उभा असतो. त्याला वाटतं, आपल्याला काहीच झालेलं नाही.

कटकटी आहेतच. गाइड शोधा, प्रपोजल लिहा, एथिक्स कमिटीची परवानगी काढा. संमतीपत्र मराठीत हवं, आणि मराठीही असं की धानाच्या बांधावर उभ्या माणसाला कळेल. त्यात भंडारा पडला धानाचा जिल्हा. प्रोजेक्ट जुलैत गेला की रोवणी सुरू, भर दुपारी गावात फिरून कोण भेटणार? सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीला जावं लागेल. शिवाय खर्रा रोज किती खाता म्हटल्यावर बायकोसमोर उत्तर येतं एक, ठेल्यावर येतं सहा. त्यामुळे प्रश्न कुणासमोर विचारायचा, हेही आधीच ठरवून ठेवायचं. आणि हो, रिसर्चरच्या स्वतःच्या खिशात पन्नी नको!

ज्यांना मोठं हॉस्पिटल आतून बघायचंय, त्यांच्यासाठी टाटा मेमोरियल आणि त्यांचं खारघरचं संशोधन केंद्र 'अ‍ॅक्ट्रेक' आहेच, तिथे लॅबच्या कामाची संधी विचारता येते. अमेरिकेतल्या बड्या कॅन्सर हॉस्पिटलांचे समर प्रोग्रॅमही भारी असतात, पण त्यातले बरेचसे तिकडच्याच मेडिकल स्टुडंट्ससाठी.

तुमचा चुलतभाऊ किंवा वहिनीची बहीण एमबीबीएसला असेल, तर पुढच्या फोनवर फक्त एवढं विचारा: कम्युनिटी मेडिसिनच्या सरांशी बोललास का? अर्ज सुट्टीच्या बरेच आधी भरावा लागतो. एप्रिलमध्ये सुचलं, तर ती सुट्टी गेली समजा.