जुळलेली तेरीज

तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर, असं बँकेत फक्त नवखेच मानतात. मूळ नोंदच राहून गेली असेल, तरी ती बिनबोभाट जुळते. स्वीडनच्या हालांद परगण्यात २००६ साली असंच काहीसं उघडकीला आलं.

क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा जंतुसंसर्ग. बहुतेक बायकांना तो झाल्याचं कळतच नाही. ना दुखणं, ना खुपणं. काहींच्या गर्भनलिका मात्र आतल्या आत खराब होतात, आणि ते उमगतं दिवस राहत नाहीत तेव्हा. म्हणून तक्रार नसलेल्यांनाही तपासायचं.

हालांदमध्ये रुग्ण सुमारे २५ टक्क्यांनी घटले. एखादा साहेब पेढे वाटून मोकळा झाला असता! तिथल्या प्रयोगशाळेला मात्र शंका आली. जंतूमधल्या प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यातून ३७७ अक्षरांचा तुकडा गळाला होता, आणि दोन कंपन्यांच्या प्रचलित चाचण्या नेमक्या त्याच तुकड्यात जंतूची खूण शोधत होत्या. पुढे त्या चाचण्यांत दुसरी खूणही घातली गेली.

पण त्याआधी ‘संसर्ग नाही’ असा कागद घेऊन किती जणी घरी गेल्या असतील? त्रास तर नव्हताच; पुन्हा यायचं त्यांना कारणही नव्हतं.