पुन्हा पुन्हा जळणाऱ्या घराची डागडुजी

अग्निशमन प्रशिक्षण केंद्राच्या आवारात एक इमारत अशी असते, जिच्यात कुणीच राहत नाही. तिला खोल्या असतात, जिना असतो, गच्ची असते. खिडक्यांना मात्र काचांऐवजी लोखंडी झडपा असतात आणि आतल्या भिंती छतापर्यंत काजळलेल्या असतात. ठरल्या दिवशी तिथल्या एखाद्या खोलीत पेंढा आणि लाकडी पॅलेट रचून आग लावतात. नव्या भरतीची तुकडी पाठीवर बी.ए. सेट, म्हणजे श्वासासाठीचा हवेचा सेट चढवून, होज ओढत, गुडघ्यांवर रांगत आत शिरते. धुरात चाचपडत आग शोधते, विझवते, बाहेर येते. पुढच्या आठवड्यात दुसरी तुकडी, तीच खोली. या इमारतीला 'बर्न बिल्डिंग' म्हणतात. तिच्याबद्दल आणि तिच्या भोवतीच्या ड्रिल टॉवर, पाण्याच्या टाक्या, गटारं, मैदान अशा सगळ्या पसाऱ्याबद्दल लिहायचं कारण एकच. इथे शिकणाऱ्याला धोका असलाच तर तो आगीचा असावा, इमारतीचा कधीच नसावा. ही हमी शेवटी गवंडी, प्लंबर, वेल्डर आणि सफाई कामगार देतात.

अशी खास इमारत बांधायची पद्धत पूर्वीपासून सगळीकडे नव्हती. अमेरिकेत पाडायला काढलेलं जुनं घर मिळवायचं, त्याला आग लावायची आणि त्यात सराव करायचा, अशी रीत होती. १९८२ साली कोलोराडोतल्या बोल्डर इथे अशाच सरावात दोन अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यानंतर अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने प्रत्यक्ष आगीच्या सरावासाठी १४०३ क्रमांकाचं मानक तयार केलं. त्याची पहिली आवृत्ती १९८६ ची. प्रत्येक सरावाआधी इमारत तपासा, रसायन लावलेलं लाकूड, रबर आणि प्लॅस्टिक जाळू नका, अशी साधी वाटणारी कलमं त्यात आहेत. माणसं गमावल्यावर ती लिहिली गेली, हे वाचताना विसरता येत नाही.

आगीने काँक्रीटचं काय होतं, हे समजून घेतल्याशिवाय या डागडुजीचं मोल कळत नाही. आपल्याकडच्या काँक्रीटमध्ये खडी बहुतेक ठिकाणी काळ्या दगडाची, म्हणजे बसाल्टची असते. ती उष्णता बऱ्यापैकी सोसते. पण वाळू नदीची. नागपूरकडे कन्हानची वाळू प्रसिद्ध आहे आणि अशा वाळूत गारगोटीचा अंश भरपूर असतो. गारगोटी ५७३ अंश सेल्सियसला आपली स्फटिकरचना बदलते आणि एकदम फुगते. बंद खोलीतल्या आगीत छताजवळचं तापमान ही मर्यादा सहज ओलांडतं. आत बसवलेल्या सळ्यांचंही तसंच. साधारण ५५० ते ६०० अंशांच्या घरात पोलाद आपली जवळपास निम्मी ताकद गमावून बसतं. आणि अशा तापलेल्या भिंतीवर प्रशिक्षणार्थी गार पाण्याचा फवारा मारतात, कारण तेच शिकायला ते आलेले असतात.

याहून फसवी गोष्ट चुन्याची आहे. सिमेंट घट्ट होताना त्यात चुन्याचा जो भाग तयार होतो, तो चारशे-साडेचारशे अंशांच्या पुढे पाणी सोडतो आणि त्याचा कळीचा चुना बनतो. ज्यांनी घरी रंगासाठी चुना विरवताना पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कळीच्या चुन्याला ओल लागली की तो फुगतो. भिंतीच्या पोटात हे घडतं तेव्हा आग विझून बरेच दिवस झालेले असतात. म्हणजे सरावाच्या दुसऱ्या दिवशी ठोकून पाहिलेली भिंत शाबूत वाटते आणि दमट हवेत काही दिवसांनी तिलाच तडे जातात. अनुभवी गवंडी म्हणूनच एका तपासणीवर विसंबत नाही. तो हातोडीने इंचाइंचावर ठोकत जातो. टणक आवाज आला तर पुढे, बद्द आवाज आला तर खडूने खूण. रंगही बघतो, कारण काँक्रीट तीनशे अंशांच्या वर गेलं की अनेकदा गुलाबीसर छटा धरतं आणि आणखी तापलं की ती छटा जाऊन राखाडी होतं. कुठे किती ताप बसला, हे भिंत स्वतःच सांगते. ते वाचणारा माणूस केंद्राने टिकवून ठेवला पाहिजे.

मूळ भिंतीला ताप लागू नये म्हणून आतून अस्तर देतात. कुठे भट्टीच्या विटांचं, कुठे कॅल्शियम सिलिकेटच्या पाट्यांचं, कुठे मागे हवेची फट ठेवून बसवलेल्या पोलादी पत्र्यांचं. हे अस्तर खर्ची पडण्यासाठीच असतं. फुटलेली पाटी काढून नवी बसवायची, मागच्या भिंतीला धक्का लागू द्यायचा नाही. एखादी पाटी निखळलेली असताना 'आजचा सराव होऊ दे, उद्या बघू' म्हटलं की त्या चौकोनातून ताप थेट मूळ काँक्रीटपर्यंत जातो. पाटीची किंमत आणि भिंतीची किंमत यांची तुलनाच होऊ शकत नाही, तरी खरेदीची फाइल पाटीपाशीच अडते. याची मला खरोखर चीड येते.

महाराष्ट्रात यात पावसाळ्याची भर पडते. चार महिने भिजलेल्या भिंतीत पाणी मुरलेलं असतं. तिला एकदम जोराची आग दिली तर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि काँक्रीटचे पापुद्रे मोठ्या आवाजाने उडतात. त्यामुळे पावसाळ्यानंतरची पहिली आग लहान ठेवायची, तीही तुकडी आत न नेता, फक्त भिंत सुकवण्यासाठी. वेळापत्रकात हा दिवस रिकामा दिसतो. तो रिकामा ठेवण्याची हिंमत प्राचार्यांनी दाखवायची असते.

दारं-झडपांचं काम याहून रोजचं. ताप लागला की पत्रा पिळवटतो, बिजागरीतलं ग्रीस जळून जातं आणि जी झडप आतून एका धक्क्याने उघडायला हवी ती अडकते. जमिनीलगतची पाणी जाण्याची भोकं पेंढ्याच्या राखेने बुजतात. एका नोझलमधून मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी पडलं तर दहा मिनिटांत साडेचार टन पाणी वरच्या मजल्याच्या त्या एका खोलीत साचू शकतं. आधीच तापून दुबळ्या झालेल्या स्लॅबवर हे वजन. म्हणून सरावाआधी प्रत्येक भोकात काठी घालून पाहायची असते.

आता एक गोष्ट आपल्या सवयीची. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्याआधी आवारात रंगरंगोटी होते. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, मैदानाला फक्कीच्या रेघा, कठड्यांना ऑइल पेंट. ही सजावट आदरापोटीच होते आणि मैदानावर ती शोभतेही. मात्र बर्न बिल्डिंगवर आणि ड्रिल टॉवरवर ब्रश फिरता कामा नये. तिथे रंग म्हणजे तड्यांवर ओढलेला पडदा. गेल्या तपासणीत खडूने केलेली खूण, केसाएवढी नवी रेघ, गंजाचा पहिला डाग, सगळं एका हाताखाली नाहीसं होतं.

ड्रिल टॉवर आगीत जात नाही, पण त्याचं दुखणं वेगळं आहे. हुक शिडीचे दात वरच्या मजल्याच्या खिडकीच्या कठड्यावर रोवून प्रशिक्षणार्थी वर चढतो, कठड्यावर बसतो, शिडी उचलून त्याच्या वरच्या खिडकीत टाकतो. एकाच कठड्यावर वर्षानुवर्षं तेच दात पडत राहतात. कड झिजते, गोलसर होते, आणि गोलसर कडेवरून हुक सरकतो. दोरखंड बांधायच्या कड्या पावसात आतून गंजतात. बाहेरून त्या ठणठणीत दिसतात. जुन्या टॉवरचा आणखी एक उपयोग म्हणजे होज वाळवणं. ६३ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर होजमध्ये सुमारे ४७ लिटर पाणी मावतं. ते निथळून, होज उंचावरून लटकवून वाळवला नाही तर कॅनव्हासला बुरशी धरते आणि पुढच्या सरावात तो दाबाखाली फाटतो. सिंथेटिक होज आल्यापासून ही काळजी कमी झाली आहे, तरी वाळवायच्या कप्प्या आणि दोर बघणारा कुणीतरी लागतोच.

मैदानाखाली पाइपांचं जाळं असतं. विदर्भातल्या काळ्या मातीत ते सांभाळणं जिकिरीचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, मातीला हात शिरेल अशा भेगा पडतात. जूनमध्ये तीच माती फुगते. या ओढाताणीत पाइपांचे सांधे सुटतात, हायड्रंटचा दाब घटतो. जिथे सरावासाठी एलपीजी वापरतात तिथे गळती अधिक घातक, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यांत, चेंबरमध्ये जाऊन बसतो. चेंबरचं झाकण उघडण्याआधी मीटर लावायचा, हा नियम प्लंबरलाही शिकवावा लागतो.

उघड्या टाक्यांमध्ये डासांची पैदास होऊ नये म्हणून आपल्याकडे गप्पी मासे सोडतात. तेलाच्या आगीवर मारायच्या फेसाच्या सरावाचं पाणी त्याच टाकीत परतलं तर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. मेलेले मासे दिसले की समजायचं, गटाराचं वळण चुकलं आहे. गटाराचं वळण चुकल्यावर काय होऊ शकतं, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे.

व्हिक्टोरिया राज्यात बॅलन गावाजवळ फिस्कव्हिल नावाचं ठिकाण आहे. १९२७ पासून तिथून इंग्लंडकडे बिनतारी संदेश पाठवले जात. ते केंद्र बंद झाल्यावर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याच्या कंट्री फायर ऑथॉरिटीने ती जागा घेतली आणि प्रशिक्षण महाविद्यालय उभारलं. गावोगावच्या स्वयंसेवकांच्या पिढ्या तिथे तयार झाल्या. सरावाच्या आगीसाठी कारखान्यांकडून टाकाऊ ज्वालाग्राही द्रवांची पिंपं घेतली जात. त्यात नेमकं काय आहे याची खात्री नसे. उरलेली, गंजलेली पिंपं आवारातच पुरली गेली. तेलाच्या आगीवर फेस मारला जाई. १९६० च्या दशकात विकसित झालेल्या या पातळ पापुद्र्याच्या फेसात फ्लोरिनची अशी संयुगं होती जी निसर्गात मोडतच नाहीत. सरावाच्या फरशीवरचं पाणी उताराने आवारातल्या तळ्यांत जाई आणि पुढच्या सरावाला तेच पाणी पुन्हा पंपात ओढलं जाई. पाणी वाचवण्याचा हेतू चांगलाच होता. पण आपण कशात भिजतो आहोत, हे त्या फवाऱ्याखाली उभ्या असलेल्या माणसांना ठाऊक नव्हतं.

तिथे काम केलेल्यांमध्ये कर्करोगाच्या तक्रारी पुढे आल्या. २०१२ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, मार्च २०१५ मध्ये केंद्र कायमचं बंद झालं आणि २०१६ मध्ये राज्याच्या संसदेच्या समितीने आपला अहवाल दिला. या फेसातला पीएफओएस हा घटक २००९ मध्येच स्टॉकहोम कराराच्या यादीत गेला होता. फिस्कव्हिल बंद पडलं ते इमारती कोसळल्यामुळे किंवा कुणी टॉवरवरून पडल्यामुळे नव्हे. तिथे हरली ती आवाराची देखभाल: काय आणलं, कुठे पुरलं, पाणी कुठे वाहिलं. आपल्याकडे नवं केंद्र बांधताना फेसाच्या फरशीचं गटार आणि पावसाचं गटार पहिल्या दिवसापासून वेगळं काढलं जावं, आणि फ्लोरिनमुक्त सरावाचा फेसच विकत घेतला जावा. नंतर माती उकरून दुरुस्ती करणं जवळपास अशक्य आहे.

देखभालीत राहण्याच्या इमारतीही येतात. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. देशभरातले अधिकारी तिथे घडले. २००२ साली हर्षिनी कान्हेकर तिथे प्रवेश घेणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, तेव्हा या निवासी महाविद्यालयात त्यांना घरून ये-जा करण्याची मुभा द्यावी लागली. त्या नागपूरच्याच होत्या म्हणून हे जमलं. दूरच्या गावची एखादी मुलगी तेव्हा निवडली गेली असती तर? वसतिगृहाची एक वेगळी इमारत, कपडे बदलायची खोली, मैदानाजवळ स्वच्छतागृह, या गोष्टी बांधकामाच्या आराखड्यात उशिरा येतात आणि तोवर कुणाचा तरी मार्ग अडलेला असतो.

सराव संपल्यावरच्या जागेचाही विचार हवा. जुलै २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामातला संपर्क कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. काजळी अंगावर, गणवेशावर, बुटांवर चढते आणि वर्गापर्यंत, मेसच्या बाकापर्यंत येते. त्यामुळे नव्या आराखड्यांत मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू वेगळी ठेवतात: मैदानातून आलेल्याने आधी धुवायच्या ओट्यावर जायचं, गणवेश तिथेच उतरवायचा, मग आंघोळ, मग पुढे. जुन्या आवारातही एक नळ, एक ओटा आणि कपड्यांची एक वेगळी खोली एवढ्यावर सुरुवात करता येते.

पण त्याच काजळीत दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक माणूस शिरतो. बर्न बिल्डिंगमधली राख भरणारा, भोकं मोकळी करणारा, भिंतीचे गळून पडलेले कपचे उचलणारा. आदल्या दिवशी त्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हवेचा सेट होता, तोंडावर मास्क होता, दाराशी नावं लिहून घेणारा अधिकारी होता. हा बहुधा कंत्राटी असतो आणि तोंडाला फडकं बांधून एकटाच काम करतो. बारीक धूळ अडवणारा मास्क, हातमोजे, बूट, राख झाडण्याआधी ती ओली करण्याचा नियम आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी, हे त्याला मिळालंच पाहिजे. आणि आत जाणाऱ्यांच्या नोंदवहीत त्या सकाळी त्याचंही नाव, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहिली गेली पाहिजे.